जावयाला हवी होती मोठी गाडी

ज्या काळी गाडी दाराच्या आवाजावर विकली जायची, त्या काळचा तो विक्रेता. लांबलचक गाडीचं दार धप्पकन लावायचा नि म्हणायचा, "ऐकलंत? याला म्हणतात भक्कमपणा!" गिऱ्हाईक तिथंच विरघळायचं. शोरूममध्ये सगळे त्याला धप्पकाका म्हणत.

आता गिऱ्हाईक आधी अ‍ॅव्हरेज विचारायचं, मग एअरबॅग. छोट्या गाड्या हातोहात खपत होत्या आणि शेवटची मोठी गाडी आठ महिने काचेआड रुसल्यासारखी उभी होती. मालकाने सकाळीच बजावलं, "काका, आज ही गेली नाही, तर उद्यापासून तुम्हीही घरी बसा."

आणि अकरा वाजता दारात कोण, तर काकाचेच लेक-जावई. लेकीला सातवा महिना.

जावयाने मोठ्या गाडीवरून हात फिरवला. "गाडी कशी, दिसली पाहिजे! त्या डबीतून उतरलो तर लोक हसतील."

"हसू देत. पेट्रोल काय लोक भरणार आहेत?" लेक म्हणाली.

"तू थांब गं. बाबांचा उभा जन्म यात गेलाय. बाबा, सांगा हिला, मजबूत कुठली?"

काकाचा हात सवयीने दाराकडे गेला. धप्प! "ऐकलंत?" एवढंच म्हणून तो थांबला. धडकेच्या चाचणीचा कागद त्यानेच टेबलाच्या खणात तळाशी दडवला होता, तीनदा वाचून. मोठीचा पत्रा जाड, पण धडकेचा मार सगळा आतल्या माणसाला. मागच्या सीटला एकही एअरबॅग नाही. छोटीला सहा.

"बाबा," लेकीने हळूच विचारलं, "तुम्ही मला कुठल्या गाडीत बसवाल?"

तेवढ्यात मालक केबिनमधून बाहेर आला. "जावईबापू, हीच घ्या! काका, फॉर्म काढा."

जावयाने पेन उघडलं. काकाने खण ओढला. फॉर्म वरच होता. त्याखालून त्याने कागद उपसला आणि जावयापुढे धरला.

"आधी हे वाचा."

वाचता वाचता जावयाचा चेहरा पडला. "बाबा, हे आधीच का नाही बोललात?"

"पोटावर पाय येतो म्हणून."

मालक लालबुंद झाला. "काका, काय करताय कळतंय ना?"

"कळतंय. यांची छोटी गाडी तेवढी बुक करतो. आजचा दिवस तर माझाच आहे ना?"

काकाने खुर्ची पुढे ओढली, लेकीला बसवलं आणि विचारलं, "रंग कुठला लिहू?"