चेडरची भीड
हॉलिस टिलरीने गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायला घेतला, की दोन मैलांवरच्या गायीसुद्धा माना वर करतात, असं ऑसिला गावात म्हणत. त्याची हयात त्यातच गेली होती. माणूस दिसला की हात पुढे, पाठीवर थाप, आणि पाच मिनिटांत उकडलेल्या शेंगांचा पुडा दोघांत. आपल्याशी दोस्ती करणार नाही असा जीव देवाने जॉर्जियात तरी घडवला नाही, अशी त्याची खात्री होती.

मग त्याची मुलगी डेलिया नर्सिंगच्या शिक्षणासाठी आठ आठवडे सव्हाना शहरात गेली आणि जाताना आपला साप घरी ठेवून गेली. कॉर्न स्नेक, बिनविषारी, चार महिन्यांचा, जेमतेम पेन्सिलीएवढा जाड. चेडर चीजसारखा केशरी, म्हणून नावही चेडर.

"दोन दिवसांत मांडीवर खेळवतो बघ याला," हॉलिस बायकोला म्हणाला.

"त्याला विचारलंस का?" वर्ना कणीक मळता मळता म्हणाली.

हॉलिसने काचेच्या पेटीचं झाकण काढलं, आतल्या दोन लाकडी खोपटांतलं एक उचललं आणि गडगडला, "काय राव, कसं काय?" चेडरने शेपटी थरथरवली आणि त्याच्या अंगठ्याला चावा घेतला. डास चावावा तेवढाच, पण हॉलिसला तो मनाला लागला.

'एकटं राहून माणूसघाणा झालाय,' असं त्याने ठरवलं. दोन्ही खोपटं काढून टाकली आणि पेटी आणून ठेवली स्वयंपाकघरात, टीव्हीशेजारी. बाजारातले दोस्त आले, काचेवर टकटक करून गेले. चेडर पाण्याच्या वाडग्याखाली अंग कोंबून बसला तो बसलाच. खायला म्हणून उंदराचं मेलेलं पिल्लू दोनदा समोर ठेवलं, दोन्ही वेळा तसंच राहिलं.

हॉलिस घाबरला. मुकाट्याने मुलीला फोन लावला.

"डॅडी, खरं सांग. दिवसातून किती वेळा बाहेर काढतोस त्याला?"

"फार नाही गं."

"सात वेळा!" मागून वर्ना ओरडली.

"अरे देवा! डॅडी, बाळ आहे ते. घार, कोल्हा, रॅकून, जो उठतो तो त्याला खायला बघतो. वरून काही आलं की त्याच्या लेखी मरणच आलं. लपायची जागाही काढून घेतलीस?"

"पण चावला तो मला! शेपटी काय हलवतो!"

"मी लई मोठा आहे अशी थाप मारतोय बिचारा. रागावलेला नाही, भ्यालाय." डेलिया हसली. "मी नाही का, पाहुणे आले की टेबलाखाली शिरायचे? तू पाय धरून ओढायचास. हॅलो म्हण, हॅलो म्हण!"

"तुझी भीड चेपावी म्हणून."

"चेपली कुठली? मी आणखी आत सरकायला शिकले."

ती हसतच बोलली होती, पण हॉलिस खुर्चीत टेकला. "मग बाहेर कशी यायचीस?" त्याने हळूच विचारलं.

"आई जवळ येऊन बसायची. वाटाणे सोलत. बोलायची नाही. मग यायचे मी आपली आपण."

त्याच दुपारी पेटी मागच्या शांत खोलीत गेली. एक खोपट उबेच्या दिव्याच्या बाजूला, एक गार बाजूला, आणि तिन्ही बाजूंच्या काचांना वर्तमानपत्र. आठवडाभर हात लावायचा नाही, असा डेलियाचा हुकूम होता. दोस्त आले तर हॉलिस दारातच आडवा. "दर्शन बंद आहे. चला, शेंगा खा." फक्त पाणी बदलायला तो आत जायचा, तोही बूट काढून, नुसत्या मोज्यांवर. वर्ना तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून हसायची.

आठव्या दिवशी त्याने पिल्लू खोपटाच्या तोंडाशी ठेवलं आणि दार लोटून घेतलं. सकाळी जाऊन पाहिलं तर पिल्लू नाही! हॉलिसने आरोळी ठोकायला तोंड उघडलं, मिटलं, आणि चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात आला.

"खाल्लं," तो कुजबुजला.

"घसा बसला का रे?" वर्नाने काळजीने विचारलं.

त्यानंतर रोज सकाळी तो कॉफी घेऊन पेटीशेजारी नुसता बसे. दोन आठवड्यांनी तळहात खालून, बाजूने, आत ठेवून पाहिला. पहिल्या दिवशी चेडरने लांबूनच जीभ लपलपवली. पाचव्या दिवशी बोटापर्यंत आला, परत गेला. नवव्या दिवशी थेट मनगटावर चढला आणि सुळकन शर्टाच्या बाहीत शिरला, तो काखेत जाऊन उबेला निवांत बसला.

घड्याळात नऊ. साडेनऊला लिलाव. हॉलिस हलेना. शेवटी वर्नाने बाजारात फोन लावून त्याच्या कानाशी धरला.

"उशीर होईल मला," तो हळू आवाजात म्हणाला.

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारलं.

"हॉलिस."

"चल, काहीतरीच! हॉलिस असं बोलतो होय?"

"अरे, मीच. बाहीत पाहुणा आलाय. त्याचं झालं की येतो."