कढईच्या कडेचा कोबी

डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन करायला साफ नकार दिला. छ्यू-युएच्या मांड्यांत स्नायूच उरले नव्हते. आधी पोटात प्रथिनं जाऊ द्या, अंगात ताकद येऊ द्या, मग बघू, ते म्हणाले. तोवर चाकाची खुर्ची.

तिची मुलगी पेइ-छुन ती खुर्ची ढकलत दवाखान्यातून तडक मात्सू देवीच्या देवळात आली. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आईने इथेच नवस बोलून मांस, मासे, अंडी सोडली होती. बाबा ठणठणीत बरे झाले आणि पुन्हा रोज डुकराचं मांस चापू लागले. आई मात्र वाळत गेली.

"देवीला विचारल्याशिवाय मी काही तोंडात घालणार नाही," आई म्हणाली.

"विचारतेच. आज सोक्षमोक्ष लावूनच जाते."

तिने चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे ओंजळीत धरले. एक उताणा आणि एक पालथा पडला, तर देवीचा होकार.

"आईने मासे खाल्ले तर चालेल?" दोन्ही पालथे. नकार.

"नुसतं माशाचं सूप?" नकार.

"अंडी तरी?" दोन्ही उताणे. देवी हसली म्हणायचं.

"हसायला काय झालं?" पेइ-छुन जोरात म्हणाली. "जिच्यासाठी विचारतेय ती उभी राहू शकत नाही!"

मागे उभी असलेली म्हातारी वैतागली. "अगं ए पोरी, देवी आहे ती. मंडईत भाव करतेस का? आणि आम्हीही रांगेत आहोत."

"थांबा हो आजी. शेवटचं." पेइ-छुनने ठोकळे पुन्हा उचलले. "बरं, टोफू? टोफू तरी चालेल?"

"वेडी आहेस का?" आईने तिचा हात धरला. "हे काय विचारायचं? टोफू चालतोच की. सोयाबीनचं दूध, शेंगदाणे, सगळं चालतं."

पेइ-छुनने ठोकळे खाली ठेवले. "चालतं? मग खात का नाहीस?"

"एकटीसाठी कुठे वेगळं शिजवत बसू? तुझ्या बाबांना टोफूचा वासही नको असतो. त्यांच्या मांसाच्या कढईत कडेला कोबी टाकते, तोच घेते. गरम पाण्यात धुऊन."

"धुऊन?"

"रस्सा लागलेला असतो ना त्याला."

पेइ-छुनने देवीला हात जोडले नाहीत. कोपऱ्यावर टोफू घेतला आणि खुर्ची घरी आणली.

बाबा आणि दादा टेबलापाशी बसून होते. दादा कामाच्या शोधात घरी होता, म्हणजे घरीच होता.

"किती उशीर!" बाबा म्हणाले. "कालची कढई आहे, पण गरम कोण करणार?"

"हात आहेत ना तुम्हाला?"

"बापाशी बोलतेयस तू."

"हो, बापाशीच! तुमच्यासाठी हिने मांस सोडलं आणि तुमच्याच कढईतला कोबी धुऊन खातेय. तुम्हा दोघांसमोर बसून! एकालाही दिसलं नाही?"

"नवस कर म्हणून मी सांगितलं होतं का?" बाबा म्हणाले.

आईने मान खाली घातली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली. "जाऊ दे गं. मी करते गरम."

"बस तू!" पेइ-छुन ओरडली. टोफूची पिशवी तिने दादाच्या पुढ्यात आदळली. "ऊठ. काप आणि तळ."

"मला येत नाही."

"ज्याला मांस चावता येतं त्याला टोफू कापता येतो."

"तो हात भाजून घेईल गं," आई म्हणाली.

"भाजू दे."

दादाने तळला. एका बाजूने करपलेला, मधोमध फुटलेला. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. आईने पहिला तुकडा हळूच उचलला, दुसरा भराभर, मग मान वर न करता खातच राहिली. बशी रिकामी झाल्यावर तिने ओशाळून मुलाकडे बघितलं.

"अजून आहे का रे?"

पेइ-छुनला वाटलं होतं, आई जेवली की आपला राग उतरेल. तो उतरला नाही. नवसाने आईचं मांस खाणं सुटलं होतं. उपाशी तिला या टेबलाने ठेवलं होतं. तिने कढई उचलली आणि मांस, रस्सा, कोबी, सगळं बाबांच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात ओतलं.

"अजून तळ," ती दादाला म्हणाली. "आणि बाबा, तुम्ही त्याच्या शेजारी उभं राहून शिका."