ढोलकीमागे चालणारं गाणं

आमच्या वर्षालीचं लग्न मोर्शीला झालं, त्या वर्षीची गोष्ट. हळद आमच्याच दारात, अकोल्याच्या जुन्या शहरात होती. गल्लीत मांडव घातला होता. मांडवाच्या कोपऱ्यात आमच्या मुलाचं, सागरचं डीजेचं टेबल होतं आणि टेबलाला लागून सतरंजीवर नवरीचे वडील, म्हणजे आमचे हे, ढोलकी घेऊन बसले होते.

"पुंजारामभाऊ, पोरीची हळद हाये. आज तरी पाहुन्यासारखे बसा!" शेजारचे शेषराव ओरडले.

"पाहुने जेवून आपापल्या घरी जातात. मी कुठी जाऊ?" हे म्हणाले आणि ढोलकीवर थाप मारली. बायका हसल्या. सागरनं गाणं लावलं.

आम्ही फुलांचे माळी. पहाटे झेंडू तोडायचा, दिवसभर मंडईत विकायचा. यांचे हात तोडणीनं पिवळे पडलेले आणि ढोलकीच्या शाईनं बोटांची टोकं काळी. मला पाहायला आले तेव्हाही यांच्या काखेत ढोलकी होती, कारण परत जाताना पारस गावी भजन होतं. माझ्या वडिलांनी विचारलं, "हे कायले आनलं?" तर म्हणाले, "घरी ठेवली का उंदीर कुरतडतात." त्या उत्तरावर माझं लग्न ठरलं. पुढं कितीतरी श्रावणात कावडीच्या मिरवणुकीपुढं हेच वाजवत चालले. लोक म्हणायचे, पुंजारामचा हात म्हणजे घड्याळ. यांनाही ते खरं वाटायचं.

सागरनं फुलांचा धंदा धरला नाही. लॅपटॉप आणि एक काळं यंत्र घेऊन आला. त्यावर दोन गोल तबकड्या आणि प्रत्येक तबकडीच्या उजव्या कडेला एक उभी, सरकती दांडी. तिला तो पिच म्हणायचा. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला समोर बसवून दाखवलं.

"पाहा बाबा, दांडी मधात हाये तोवर गानं जसं हाये तसं. आपल्याकडं ओढली का पयते, पुढं ढकलली का मंद होते."

त्यानं दांडी पुढं सरकवली. गाणाऱ्या बाईचा आवाज जाड होत होत अगदी पुरुषासारखा झाला.

"अबे, बाईचा बाप्या केला की तुनं!" हे पोट धरून हसले.

"म्हनून हे कुलूप हाये," सागरनं एक बटण दाबलं. "आता कितीबी मंद करा, आवाज तसाच राहते. कोनाले समजतबी नाई."

दोन गाणी एकमेकांना जोडायचं बटणही त्या यंत्रात होतं. त्याला सिंक म्हणतात. ते दाबलं की दोन्ही गाण्यांचा ठेका यंत्र आपणच जुळवून घेतं. पण यंत्राला फक्त त्याच्या पोटातली गाणी ठाऊक. सतरंजीवर बसलेल्या माणसाची ढोलकी त्याला ऐकू येत नाही. तिथं डीजेलाच कान लावून, दांडीवर बोट ठेवून गाणं सांभाळावं लागतं.

डीजेसोबत बाप ढोलकी वाजवतो, हे अकोल्यात नवंच होतं. लोकांना आवडलं. यांना भजनापेक्षा जास्त बोलावणी यायला लागली. नवा कुडता शिवला, मिशीला रंग लावला.

त्या हळदीला मी नवरीची आई म्हणून फिरत होते. हळदीचं ताट घेऊन टेबलापाशी थांबले तेव्हा पाहिलं, की सागरचा अंगठा दांडीवर होता आणि तो तिला हळूहळू पुढं सारत होता. अक्षरं मी उशिरा शिकले, पण आकडे मला बाजारानं आधीच शिकवले होते. लॅपटॉपवरचा गाण्याच्या वेगाचा आकडा खाली येत होता. मी यांच्या हाताकडं पाहिलं. उजव्या हाताची बोटं थाप मारून लगेच उचलत नव्हती, क्षणभर चामड्यावर चिकटून राहत होती. झेंडू तोडतानाही हल्ली टोपली उशिरा भरायची. मला वाटायचं, वय झालं.

"सागर, हे काय करून राहिला?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "बाबाचा हात मांगं पडते आई. कवाचा पडते. मी गानंच मांगं घेतो. कोनाले सांगू नोको."

"त्यायले?"

"त्यायले त नोकोच."

मी ताट घेऊन पुढं गेले. मागून शेषराव ओरडत होते, "वा पुंजाराम! घड्याय, घड्याय!"

वर्षाली मोर्शीला गेली. घर रिकामं झालं तशी यांनी ढोलकी जास्तच जवळ केली. दुपारी मंडईतून आले की वाजवत बसायचे. एकट्यानं वाजवताना मागं पडलेलं कळत नाही, सोबत कोणी असलं तरच कळतं.

त्याच वर्षी वैशाखात अमरावतीला माझ्या बहिणीच्या, कौशल्याच्या नातीची हळद होती. सागरला त्या दिवशी चिखलदऱ्याची ऑर्डर होती. त्यानं त्याचा दोस्त शुभंकर पाठवला. मुलगा गुणी, यंत्रही तसंच. कौशल्यानं मोठ्या हौसेनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझे भाऊजी ढोलकी वाजवणार. सकाळपासून माझं जेवणावर मन नव्हतं.

यांनी ढोलकी मांडीवर घेतली तशी मी शुभंकरजवळ गेले.

"बेटा, सागर त्या दांडीवर हात ठेवते. तूबी ठेव."

"कायले काकू? सिंक चालू हाये ना."

"सिंकचं नाई म्हनत मी. यायच्याकडं पाहून..."

"काय सांगून राहिली वं त्याले?" यांनी मागून विचारलं. "त्याचं काम त्याले करू दे. चाल, तू हळद लाव."

मी हळद लावायला गेले.

पहिलं गाणं संथ होतं, निभावलं. दुसरं लागलं आणि पोरं नाचायला उठली. यांची थाप सुरुवातीला गाण्यावर पडली, मग किंचित मागं, मग आणखी मागं. यांनी मान वर करून टेबलाकडं पाहिलं, जसं एखाद्यानं चालता चालता बोट सोडावं आणि आपण मागं वळून पाहावं. शुभंकरचे दोन्ही हात हवेत होते. तो पोरांना नाचवत होता. हे घाईनं थाप मारायला गेले, ती दोन ठोक्यांच्या मधेच पडली. नाचणारी पोरं थांबली.

"आजोबा, दम लागला का?" एक जण म्हणाला. वाईट बोलायचं त्याच्या मनात नव्हतं.

"आवाज वाढव रे, ढोलकी राहू दे," दुसरा म्हणाला.

शुभंकरनं आवाज वाढवला. हे ढोलकी मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. गाणं संपेपर्यंत उठले नाहीत, कारण मधे उठलं तर सगळ्यांना दिसलं असतं. कौशल्यानं पाणी आणून दिलं. ते यांनी सगळं पिऊन टाकलं.

अकोल्याला परत येताना बसमध्ये यांनी ढोलकी माझ्या मांडीवर ठेवली. इतक्या वर्षांत ती मी पहिल्यांदाच धरली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. बोरगाव आलं तेव्हा म्हणाले, "तुले ठाऊक होतं."

मी होय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सागर जेवायला बसणार होता. यांनी त्याला पुढच्या खोलीत बोलावलं. ढोलकी घेऊन बसलेच होते.

"मशीन लाव."

"आता? बाबा, भाकर त..."

"लाव म्हनलं ना. तेच गानं, वर्षालीच्या हळदीचं. आन ते कुलूप काढ."

सागरला कळलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी भाकरीची परात खाली ठेवली.

"काहून काढाचं बाबा? राहू द्या ना तसंच."

"काढ. मले ऐकू दे तू किती मांगं नेतो ते. आजवर तुनं फुकटची वाहवा देली मले."

सागरनं बटण दाबलं आणि गाणं लावलं. हे डोळे मिटून वाजवायला लागले. बाई आपल्या आवाजात गात होती. मग थाप जरा चिकटली, सागरचा अंगठा हलला आणि बाईचा आवाज घोगरा झाला. यांनी ओठ दाबून हात उचलला. आवाज परत थोडा वर चढला. माझ्या जिवात जीव आला. पण तो टिकला नाही. एकेक पायरी उतरावी तसा खाली खाली येत गेला. शेवटी कोणी म्हातारा माणूस गातोय असं वाटायला लागलं. सागरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण अंगठा दांडीवरून निघाला नाही. बापाला एकटं टाकून गाणं पुढं न्यायला तो तयार नव्हता.

यांनी दोन्ही तळहात चामड्यावर सपाट ठेवले. ढोलकी गप्प झाली.

"थकली बावा बाई," हे म्हणाले. "जाऊ दे तिले घरी."

सागरनं गाणं बंद केलं.

"बाबा, मले काई जड नोहतं. मी किती वर्षं..."

"मले ठाऊक हाये. हात चांगला हाये तुया." यांनी ढोलकीवर गवसणी चढवली. दोरी बांधताना बोटं जुळेनात. सागर बांधायला वाकला, तर म्हणाले, "राहू दे. हे मले जमते." बराच वेळ लागला. आम्ही दोघं उभे राहून पाहत होतो. गाठ बसल्यावर म्हणाले, "वाढ वं, पोरगं उपाशी हाये."

त्यानंतर ते मंडईत फुलांवर पाणी मारत बसायचे. रस्त्यानं वरात गेली की दुकानाच्या आत जायचे आणि सुतळीचा गुंडा शोधायचे. तो समोरच असायचा.

सागर आता अमरावतीला असतो. त्याच्याकडं नवं, मोठं यंत्र आहे. महिन्यातून एकदा येतो. जुनं यंत्र त्यानं त्या दुपारनंतर लावलं नाही, ते इथंच पेटीवर, फडक्याखाली आहे. ढोलकी खुंटीला. मी रोज दोन्ही पुसते. यंत्राची एक दांडी मधोमध आहे. उजवीकडची पुढं सरकलेली आहे, त्या दुपारी राहिली तिथंच. मधल्या खाचेत नेली की टक असा आवाज येतो, हे मला माहीत आहे. मी फडक्याचं टोक बोटाला गुंडाळते आणि तिच्या भोवतीनं धूळ काढते.

वर्षालीच्या मुलाचं बारसं झालं त्या माघात, मंगळवारी दुपारी, माझे मालक पुंजाराम भगवंत उमाळे वारले.