हूटगळ्ळीच्या नळातली देवी

रविवारी दुपारी म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीला जाणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसे. प्रत्येकाच्या हातात रिकामा तांब्या. १९८६ साली तिथे नवी घरं नुकतीच उठत होती आणि त्यांच्या टोकाला तप्तानंद स्वामींचा मठ होता. अंगणात पितळेचा एक नळ. चूल नाही, बंब नाही, धूर नाही. वीजसुद्धा मठापर्यंत आली नव्हती. तरी नळातून वाफाळतं पाणी येई.

"भूमीच्या पोटात देवी तप करते," स्वामी सांगत. "तिच्या घामाचं हे तीर्थ. संधिवात जातो, दमा जातो, साखर जाते. फक्त गोळ्या घेऊ नका. गोळी दिसली की देवी रुसते."

देवीच्या घामाने आंघोळ करायला कुणाचीच हरकत नव्हती.

माझी आई नर्मदाबाई. तिला नऊ वर्षांचा मधुमेह. तिने गोळ्या बंद केल्या आणि रोज दुपारी तीर्थात पाय बुडवून बसू लागली. माझे वडील अंबाजीराव, आमचे अप्पा, मठाचे मुख्य स्वयंसेवक झाले. आमच्या पूर्वजांनी म्हैसूरच्या घोडदळात चाकरी केली होती. घोडदळातला तो हुकमी आवाज अप्पांनी भक्तांची रांग लावायला वापरला.

महिन्याभरात आईच्या पायाला मोठे फोड आले. माझी बायको वनजा शाळेत विज्ञान शिकवते. तिने ते पाहिले.

"दुखत नाही गं," आई म्हणाली. "सुम्मे, उगाच घाबरतेस. व्याधी बाहेर पडतेय म्हणाले स्वामी."

"आई, दुखत नाही हेच वाईट आहे. साखरेनं पाय बधिर झालेत. पाणी भाजतंय ते तुम्हाला कळत नाही."

आई ऐकेना. अप्पा म्हणाले, "देवीची परीक्षा घेऊ नये." वनजाने वाद घातला नाही. शाळेला सुट्टी होती. आठ दिवस ती सकाळीच मठात जाई, दुपारी आईजवळ थांबे आणि घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहीत बसे.

"देवी सकाळी सातला थंड असते," आठव्या दिवशी जेवताना ती म्हणाली. "अकराला कोमट. दोनला भाजते. शंभरेक तांबे भरले की दमते. मंगळवारी आभाळ होतं, तर स्वामी म्हणाले देवी मौनात आहे. मामंजी, भूमीच्या पोटात ढग कसे पोचले?"

अप्पा सार-भात कालवत राहिले. मग म्हणाले, "छपरावर स्वामींचं ध्यानाचं स्थान आहे. चटयांचा आडोसा केलाय. पहाटे शिष्य घागरी घेऊन वर जातात. बाकी कुणी जायचं नाही."

"ध्यानाला इतकं पाणी कशाला लागतं?" वनजाने विचारलं.

अप्पा हात धुवायला उठले.

त्याच आठवड्यात आईच्या पायाची दोन बोटं काळी पडली. डॉक्टरांना ती काढावी लागली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर अप्पा दोन दिवस बसून होते. रविवारी सकाळी ते घरातली जाड घोंगडी काखोटीला मारून बाहेर पडले.

दुपारी मी आणि वनजा मठात पोचलो. लख्ख ऊन होतं. स्वामींनी मंत्र म्हटला, नळ सोडला. पहिल्या तांब्यातलं पाणी विहिरीसारखं गार. दुसऱ्यातलंही. दहाव्या तांब्याला रांगेत कुजबुज सुरू झाली.

स्वामी गरजले, "इथे कुणीतरी पापी उभा आहे!"

"हौदु, होय स्वामी," अप्पा म्हणाले. "तो मीच. सकाळी वर जाऊन घोंगडी टाकून आलोय."

पाच-सहाजण शिडी चढले, मागोमाग आम्ही. दक्षिणेकडे तोंड केलेली, तिरकी ठेवलेली लाकडी पेटी. आत काळा रंग दिलेला पत्रा, त्यावर तांब्याच्या नळ्या, वर काच आणि काचेवर आमची घोंगडी. पेटीच्या वर काथ्या आणि गोणपाटात गुंडाळलेली टाकी.

वनजाने वर्गातल्यासारखं सांगितलं, "काळा पत्रा उन्हानं तापतो. काच ती उष्णता अडवून धरते. नळ्यांतलं पाणी तापलं की हलकं होऊन वर टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी खाली येतं. पंप लागत नाही. देवीही लागत नाही."

तप्तानंद पूर्वी मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात नळ्यांचे सांधे डाग देऊन जोडायचे, हे नंतर कळलं. काम सुबक होतं. एक थेंब गळत नव्हता.

"मी सूर्याचीच सेवा करत होतो," ते म्हणाले.

"मग गोळ्या का बंद करायला लावल्या?" अप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज रांगेतला नव्हता.

स्वामी शिडीकडे वळले. आठवड्याभरात मठाला कुलूप लागलं.

आमच्या गच्चीवर आता तशीच पेटी आहे. आई लंगडत न्हाणीघरात जाते. अप्पा आधी पाण्यात स्वतःचा हात घालून बघतात, गार पाणी मिसळतात, मग तिला बोलावतात. गल्लीतले चारजण पेटी बघायला आले. वनजाने प्रत्येकाला वर नेऊन काच उघडून दाखवली.

पाणी तापवणारं ऊन सगळ्यांच्या छपरावर पडतं. ते जरूर वापरा. पण कुणी ते चटईआड ठेवून त्याला देवीचं नाव दिलं, तर चटई बाजूला करून बघा. आणि पायाला फोड आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आम्ही आठ-दहा दिवस उशिरा गेलो.