पाचवी चाचणी राणीसावरगावात

स्वरदाला गप्प बसणं जमत नसे. त्यात तिचा तरी काय दोष? तिचे वडील अनंतराव परभणीत गणिताचे मास्तर. वर्गात प्रश्न विचारायचे आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन मोकळे व्हायचे. त्यांच्या लेकीच्या नशिबी काम आलं ते नेमकं गप्प बसून बघायचं. माणसाच्या हातात नवीन ॲप द्यायचं, एक काम सांगायचं आणि तो कुठं अडतो ते नुसतं टिपून घ्यायचं. सांगायचं नाही, सुचवायचं नाही, बोट तर मुळीच लावायचं नाही. हे नियम तिनंच वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिले होते, आणि सकाळपासून चार वेळा मोडलेही होते.

ॲप होतं गुरांच्या डॉक्टरला घरी बोलावण्याचं. परभणीतल्या तिच्या छोट्याशा कंपनीनं ते एका दूध संघासाठी केलं होतं. पाच जणांवर चाचणी, संध्याकाळपर्यंत अहवाल आणि सोमवारी ॲप चाळीस गावांत. अहवाल चांगला गेला तर नोकरी कायम झाल्याचं पत्र निघेल, असं तिचे साहेब शंतनु सर म्हणाले होते. म्हणून तर तिचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता.

राणीसावरगावच्या दूध संकलन केंद्रावर तिनं चौघांना एकेक करून बसवलं. प्रत्येकाला तेच वाचून दाखवलं, 'तुमची म्हैस आजारी आहे. डॉक्टरला बोलवा.' आणि प्रत्येक जण पहिल्याच बटणापाशी थांबला. बटणावर लिहिलं होतं, 'जनावर आजारी आहे'. व्यंकटरावांनी तर फोन टेबलावर ठेवून हात मांडीखाली घेतले. "लय भारी हाय ताई," ते म्हणाले, "झकास केलंय." पण पुढं काही करीनात. एक मिनिट गेलं, दोन गेली. स्वरदाला राहवलं नाही, चौघांच्याही वेळी तिनं स्वतःच बटण दाबलं. पुढच्या पानावर म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर मागितलेला. म्हशी तर घरी बांधलेल्या, म्हणून तिनं चिठ्ठीवर एक खोटाच नंबर लिहून आणला होता. तो चौघांनी बघून बघून टाकला. चार चाचण्या पास झाल्या, तरी तिला आतून काहीतरी टोचत होतं.

पाचव्या चन्नबसम्मा केंद्रावर आल्याच नाहीत. वैरणपाणी सोडून कुठं येऊ, असा निरोप आला. तेव्हा स्वरदाच त्यांच्या घरी गेली. साठीच्या बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे, ओट्याला लागूनच चंद्री नावाची म्हैस बांधलेली. स्वरदानं फोन हातात दिला, घड्याळ लावलं आणि तेच वाक्य वाचलं.

चन्नबसम्मांनी फोन तिच्या हातात परत ठेवला. "असलं अभद्र कशाला बोलायलीस वं माय? चंद्री धडधाकट हाय. तिच्या देखत तिला आजारी म्हणू व्हय? मुकं जनावर असलं तरी कळतंय तिला."

स्वरदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते चौघं बटणापाशी अडले नव्हते, तिच्या वाक्यापाशी अडले होते! चांगल्या जनावराला आजारी म्हणायला कुणाचं बोट धजेना, आणि पाहुणीला तोंडावर नाही म्हणणं जिवावर आलं, म्हणून बापडे 'लय भारी' म्हणत राहिले. आणि ही शहाणी त्यांच्या वतीनं बटण दाबून मोकळी! तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"चुकलं मावशी," ती म्हणाली. "चंद्रीचं नको. मागं कधी खरंच म्हैस आजारी पडली होती का? त्या दिवशी हे तुमच्या हातात असतं तर काय केलं असतं, तेवढं करून दाखवा."

चन्नबसम्मांनी फोन पुन्हा हातात घेतला. "काशी पडली होती," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बटण दाबलं.

बिल्ल्याचं पान आलं. आता त्या गोठ्यात जातील असं स्वरदाला वाटलं, पण त्या घरात गेल्या. आत पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा हातात फडक्यात बांधलेला पिवळा बिल्ला होता. म्हैस नाही, नुसता बिल्ला.

चष्मा लावून त्या एकेक आकडा टाकू लागल्या. आठवा आकडा पडला आणि ॲप पुन्हा पहिल्या पानावर गेलं. फार वेळ लागला की ते तसंच करायचं. त्यांनी नव्यानं सुरुवात केली. पुन्हा तेच. स्वरदानं दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घट्ट धरले. ओठांवर आलेलं 'द्या, मी टाकते' तिनं गिळलं. एवढं अवघड काम तिनं जन्मात केलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला, अकराव्या मिनिटाला, हिरवी पट्टी उमटली.

"काय म्हणायलंय ते?" चन्नबसम्मांनी विचारलं.

"नोंद झाली. डॉक्टर उद्यापर्यंत संपर्क करतील."

"उद्या?" त्यांनी बिल्ला फडक्यात परत बांधला. "कवळा लसूणघास खाल्ला अन् पोट फुगलं तिचं. दोन तासात गेली." मग समोर पाहुणी बसली आहे हे आठवून त्या घाईनं म्हणाल्या, "पर लय भारी हाय तुमचं. फकत त्या डॉक्टरचा नंबर तेवढा भितीवर लिहून जा माय. म्या फोनच लावते."

त्यांनी चुलीतला कोळसा आणून दिला. पण नंबर स्वरदाकडेही नव्हता. तिनं शंतनु सरांना फोन लावला.

"पाचही पास ना?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"सर, इथल्या डॉक्टरांचा नंबर हवाय."

"नंबर कसा देणार? लोकांनी थेट फोन करू नयेत म्हणून तर संघानं ॲप करून घेतलंय!"

"मग ॲप नापास आहे, सर. पहिल्या चार चाचण्या लोकांनी नाही, मीच दिल्यात. अहवालात तसंच लिहितेय."

"तुझं पत्र सहीला ठेवलंय. विचार कर."

"केला, सर," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. आता घरी काय सांगायचं, हे तिला अजिबात सुचत नव्हतं.

तिनं कोळसा घेतला आणि गव्हाणीच्या वरच्या भिंतीवर दहा आकडे लिहिले, चष्म्याशिवाय दिसतील एवढे मोठे.

"डॉक्टरचाच हाय न्हवं?"

"नाही मावशी, माझा आहे. गरज पडली की लावा. डॉक्टर मी शोधून पाठवते."

चन्नबसम्मांनी एकेका आकड्यावर बोट ठेवून नंबर वाचला. मग तिच्याकडे वळून विचारलं, "रातीबी उचलशील?"

"उचलेन," स्वरदा म्हणाली, आणि नोकरी जाण्यापेक्षा तिला आता त्या फोनचीच जास्त भीती वाटू लागली.