चिंध्यांसकट

मास्तर पहिल्यांदा चक्कर येऊन पडले, तेव्हा लेक दोन दिवसांची रजा काढून आली. दुसऱ्यांदा पडले, तेव्हा महिनाभराची बॅग भरून आली. तेव्हापासून मास्तरांना पडण्यात राम वाटू लागला.

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं कात्री चालवली, आता गुडघे मशीनला पाय लावू देत नाहीत. घरात आजाऱ्याचा मान होता तो बायकोचा. तिला मधुमेह, दोन वेळा इन्सुलिनची सुई. लेकीचा फोन आला की पहिला प्रश्न, "आईची साखर किती?" मास्तरांची चौकशी फोन ठेवता ठेवता. आता मात्र साखर मास्तरांची उतरत होती आणि लेक उशाशी बसून साखरपाणी पाजत होती. ती का उतरते, हे मास्तरांना आणि फ्रिजमधल्या बायकोच्या बाटलीलाच ठाऊक होतं.

तिसऱ्यांदा पडले ते थेट दवाखान्यात पोचले. शुद्धीवर यायच्या आत डॉक्टरांनी रक्त काढून घेतलं होतं.

"स्वादुपिंडात गाठ असेल," डॉक्टर म्हणाले. "ती वेळीअवेळी इन्सुलिन सोडत असेल. तसं निघालं तर पोट उघडावं लागेल."

मास्तरांनी पोटावर हात धरला. दुसऱ्याचं कापड कापणं वेगळं. पण तोंड उघडावं तर लेक बॅग भरणार. पोट उघडलं तर उघडू दे, म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं.

चार दिवसांनी डॉक्टर रिपोर्ट घेऊन खाटेशी बसले. लेक उशाशी, बायको पायथ्याशी.

"मास्तर, आपली पेशी इन्सुलिन एकदम तयार करत नाही. आधी एक लांब पट्टी करते, तिची घडी घालून तीन ठिकाणी टाके घालते. मग माल निवडला जातो. बाहेर पाठवायचा माल वेगळ्या पिशव्यांत जातो. तिथे कात्री चालते. पट्टीचा मधला तुकडा निघाला, की उरलं ते इन्सुलिन."

"आधी टाके, मग कापणं?" मास्तर उसळले. "कुणाच्या हाताखाली शिकलीय ही पेशी?"

लेक हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून मास्तर चेकाळले. "आणि मधला तुकडा? कारागीर ढापतो?"

"नाही. तोही त्याच पिशवीत राहतो. साखर वाढली की पिशवी पेशीच्या कडेला जाऊन उघडते, दोन्ही रक्तात पडतात. जितकं इन्सुलिन, तितके तुकडे."

"अरे वा, ही तर माझी रीत! कपड्याबरोबर गिऱ्हाईकाला चिंधी न् चिंधी परत. कापड मारलं म्हणायला कुणाला जागा नको."

"आणि कपडा आहे, पण चिंध्याच नाहीत, असं झालं तर?"

"तर तो माझ्या दुकानात कापलाच नाही," मास्तर ऐटीत म्हणाले. "बाजारातून तयार आणलेला. यात डोकं काय लावायचं?"

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे धरला. "तुमच्या रक्तात इन्सुलिन भरपूर सापडलं, मास्तर. चिंध्या जवळजवळ नाहीत. बाटलीतल्या इन्सुलिनबरोबर त्या येत नाहीत."



"तरीच," बायको म्हणाली. "महिनाभर पुरणारी बाटली वीस दिवसांत तळाला जायची. मला वाटलं, माझंच मोजमाप चुकतंय."

"बाबा, जीव गेला असता तुमचा!"

"थोडंसंच घ्यायचो गं."

"मी काय आईला बघायला यायचे फक्त?" लेकीचा आवाज चढला. मास्तर चादरीचा काठ दुमडत राहिले.

गाठ नव्हतीच, त्यामुळे पोट वाचलं. लेक दुसऱ्या दिवशी गेली. जाण्याआधी फ्रिजमध्ये कुलपाचा डबा ठेवला आणि किल्ली आईच्या गळ्यात अडकवली.

आता ती पंधरा दिवसांनी न चुकता येते. बाटली उजेडात धरून किती उरलं ते पाहते. आईला बाजूला घेऊन विचारते, "हात लावला नाही ना यांनी?" मग मास्तरांसमोर बसते, त्यांचा हात हातात घेते आणि बोटाला टोचून साखर मोजते. आकडा नेहमी ठीकच येतो.

"यंत्र बिघडलं असेल," मास्तर म्हणतात. "दुसऱ्या बोटाचं घेऊन बघ."