आधी सुरी उकळ!

मित्रांनो, मी एक जुनी कलमाची सुरी आहे. माझ्या पात्याला अजून धार आहे, तेव्हा जरा अदबीनं बसा. मी काही कांदे चिरण्यात आयुष्य घालवलेलं नाही.

माझा जन्मच मारातून झाला. लोहारानं मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर बदड बदड बदडलं आणि भस्सकन पाण्यात बुडवलं. मी चर्रर्र करून किंचाळले. तो हसून म्हणाला, "ओरड, ओरड! आत्ता ओरडलीस तर पुढे वाकणार नाहीस." खरं बोलला मेला.

एका रोपवाटिकेच्या मालकिणीनं मला विकत घेतलं. बाई फटकळ, म्हणजे आमचं जमायचंच. तिच्याकडे दुहेरी पाकळ्यांची लालभडक जास्वंद होती. दिसायला ठसकेबाज, पण जिवानं नाजूक. कडाक्याची थंडी पडली की रात्रीत जळून काळी व्हायची. म्हणून थंडीआधी तिच्या कोवळ्या काड्या कापून आत, काचेच्या बरण्यांखाली लावायच्या. ते माझं काम. गाठीच्या खाली, तिरपा, एकच घाव. करवतीसारखं मागेपुढे केलं की काडी चेचते, आणि चेचलेली काडी कुजते. मग खालची पानं ओरबाडायची, वरची अर्धी कापायची, कळी दिसली तर तिची मान मोडायची. क्रूर वाटतं ना? कळीचे लाड करणारी काडी मूळ धरत नाही, बाळांनो.

आणि बाईचा एक नियम होता. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना मला उकळत्या पाण्यात घालायचं. शेगडीवर पातेलं कायम खदखदत असे. दरवेळी माझं अंग पोळायचं, पण एकाचा रोग दुसऱ्याला कधी गेला नाही. लोक रोपांची वाहवा करायचे. माझं नाव कुणी काढत नसे. बाई मात्र मला पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून निजवायची.

बाईला दोन मुलगे. थोरला हाताचा घाईचा, धाकटा जिभेचा तिखट. एका वर्षी बाई तापानं अंथरुणाला खिळली आणि कलमं थोरल्याकडे आली. त्यानं शेगडी पेटवलीच नाही. खोड कुजलेल्या एका झाडाची फांदी छाटली, मला पँटला पुसलं आणि तशीच चांगल्या झाडांवर चालवली. घावागणिक मी मरण टोचत गेले. पुढे काड्या काळ्या पडल्या, त्यांच्या आयाही मेल्या. दाराजवळचं एकच झाड वाचलं, कारण तिथवर तो पोचलाच नव्हता.

ते झाड गेलं असतं, तर बाईची जास्वंद कायमची संपली असती. आणि हे ध्यानात आलं त्याच संध्याकाळी बोचरा वारा सुटला; रात्री कडाक्याची थंडी पडणार हे उघड होतं.

"सुरीच खराब आहे," थोरला म्हणाला.

ऐकलंत? नाचता येईना, अंगण वाकडं!

"सुरी की डोकं?" धाकटा फिस्कारला. "पाणी उकळायला काय डिग्री लागते, दादा? माळी नाहीस तू, खाटीक आहेस."

"तोंड आवर."

"नाहीतर काय करशील? मलाही पँटला पुसशील?"

थोरल्यानं कुंडी फेकली. ती धाकट्याच्या कपाळावर फुटली. धाकट्यानं फावड्याचा दांडा भावाच्या बरगड्यांत घातला. दोन-चार बरण्या खळाखळा फुटल्या, माती उडाली, आणि थोरल्यानं मला उचललं. काडी कापायला धरतात तसं बोटांत नव्हे. मुठीत.

बाई तापातच धावत आली, दोघांच्या मध्ये घुसली आणि पातं तळहातानं धरलं. मी कापलं. कापणं हा माझा धर्म. समोर काडी आहे की आई, ते मुठीनं बघायचं असतं.

रक्ताची धार लागली. थोरला मला टाकून रडायला लागला. धाकट्यानं सदरा फाडून आईचा हात आवळला. "आई, दवाखान्यात चल!"

"जाऊ," बाई म्हणाली. "आधी शेगडी पेटव." मग थोरल्याकडे वळली. "रडतोस काय मेल्या? सुरी उकळ."

"आई, तुझा हात..."

"माझा हात शिवता येतो. ते झाड गेलं की गेलं. आणि रक्ताच्या पात्यानं काडी कापतात का?"

त्यानं मला पातेल्यात सोडलं. त्याच्या आईचं रक्त पाण्यात सुटत गेलं. तो बघत उभा राहिला.

"गाठीच्या खाली," बाई म्हणाली. "तिरपा. एकच घाव. थबकलास कशाला? मघाशी तर हात बरा चालत होता!"

त्यानं कापलं. अगदी बाईसारखं. काड्या बरण्यांखाली लावल्या, मग दोघांनी तिला दवाखान्यात नेलं.

सकाळी दाराजवळचं झाड काळंठिक्कर पडलं होतं. आत बरण्यांखाली काड्या हिरव्या होत्या. मूळ आलं का ते बघायला थोरला काडी ओढायला गेला, की पट्टी बांधलेल्या हातानं बाई टपली मारायची. "रोज उपटून पाहिलं असतं, तर तू तरी वाढला असतास का?"

जास्वंद जगली. बाईची दोन बोटं मात्र पुन्हा मिटली नाहीत.

आता नव्या चकचकीत सुऱ्या आल्यात. मी डब्यात गंज खात असते. पण कलमांच्या दिवशी थोरला मलाच काढतो. आधी शेगडी पेटवतो. धाकटा पाणी आणतो.

मित्रांनो, घरातल्या हत्याराला पुसत जा, तेल लावत जा. आणि डोकं तापलं, तर आधी पाणी तापत ठेवा. ते उकळेपर्यंत मला हात लावू नका.